वरची चौकट

ललितने वरची चौकट माउसने धरून थोडी खाली ओढली, खालची जरा रुंद केली आणि वरच्या चौकटीत टाइप केलं, 'महाराजा येत आहेत.'

खालच्या चौकटीत लगेच उमटलं, 'महासरपंच येत आहेत.'

"घ्या! महासरपंच!" खोलीत एकटाच असूनही तो मोठ्याने हसला. हे सागरला दाखवायलाच हवं होतं. 'राजा'च्या जागी 'सरपंच' घालायचं हे सागरचंच डोकं. हा नियम नको तिथे घुसेल, असं ललितने त्याला बजावून सांगितलं होतं. पण सागर ऐकेल तर शपथ.

खेळ परदेशी होता. कंपनीने त्यात मराठी दिली होती, पण ती अशी सोवळ्यातली की तलवारीचा घाव बसलेला शिपाई 'मला इजा पोहोचली आहे' असं म्हणायचा. ललित आणि सागरने मिळून त्यावर एक मॉड केला, म्हणजे खेळाला वरून लावायचं ठिगळ. खेळातलं वाक्य आलं की मॉड त्यातले शब्द काढायचा आणि तिथे बुऱ्हाणपूरचे शब्द बसवायचा. शिपाई मग 'लागलं ना भो!' म्हणून ओरडू लागला. हा उद्योग इतवारा मोहल्ल्यातल्या चार दोस्तांसाठी होता, पण जळगावपासून खंडव्यापर्यंतच्या पोरांनी तो उतरवून घेतला आणि चुका चव्हाट्यावर आल्या. म्हणून आता ही टेस्टची खिडकी. वर मूळ वाक्य लिहायचं, खाली बदललेलं बघायचं, बरं वाटलं तरच पुढे सोडायचं. खिडकी दोघांत मिळून एकच होती. ललितने बुऱ्हाणपुरात काही लिहिलं की ते बंगळूरला सागरच्या पडद्यावर दिसायचं. पण फक्त खालचं. वरची चौकट ज्याने लिहिलं त्याची त्यालाच.

यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती.

"मूळ दिसलंच नाही तर मी तपासू काय, डोंबल?" सागर म्हणायचा.

"खेळणाऱ्याला मूळ दिसतं का? नाही ना? मग तू पण खालचं बघ. खालचं बरं वाटलं की झालं."

ललितच्या मनात 'मेला' हा शब्द होता. खेळात माणसं पटापट मरायची आणि दर वेळी पडद्यावर 'तो मेला' असं यायचं. एकदा दिवेलागणीला आईने ते मागून वाचलं. "घरात दिवा लावू राहिले मी, आणि तू मेला-मेला काय लावलं रे?" असं म्हणून ती इतकी करवादली की ललितने त्याच संध्याकाळी नियम घातला. 'मेला'च्या जागी 'आडवा झाला', आणि 'मेले', 'मेलो', 'मरायला' ही सगळी रूपंही त्यातच. तेव्हापासून त्यांच्या खेळात कोणी मरत नव्हतं, सगळे आडवे होत होते. पोरांना ते फार आवडलं. मग मूळ कशाला दाखवायचं?

फोन वाजला. वंदनाकाकूंचा होता. वंदनाकाकू म्हणजे सागरची आई. दोन्ही घरांत एकच भिंत.

"ललित, दवाखान्यात ये रे. यांना आणलं आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

'हे' म्हणजे नंदकुमारकाका. त्यांचं इतवाऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात केळीला पाणी देऊन देऊन निंबोला-दापोऱ्याकडच्या पंपांच्या मोटारी जळायच्या आणि काकांच्या दारात रांग लागायची. दुपारी एका मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता ते स्टुलावरून खाली आले होते. ललित पोचला तेव्हा त्यांना आयसीयूत घेतलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, अटॅक मोठा आहे, फुप्फुसात पाणी झालंय, आत्ता हलवता येणार नाही. बोलताहेत, शुद्धीवर आहेत, पण श्वास असाच राहिला तर उद्या रात्री मशीनवर ठेवावं लागेल, मग बोलणं होणार नाही.

काकू बाकावर बसल्या होत्या. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"सागरला फोन लाव," त्या म्हणाल्या. "माझ्यानं बोलवणार नाही. सांग, तब्येत जास्त आहे, निघ म्हणा."

ललितने बाहेर जाऊन फोन लावला.

"सागर, अरे, काकांची तब्येत जास्त आहे. निघ तू."





"कधी?" सागरने अगदी शांतपणे विचारलं.

"दुपारी. दुकानातच. इथे ॲडमिट केलंय, आयसीयूत."

"बरं. रात्रीची गाडी पकडतो. तू आईजवळ थांब."

ललितला जरा हायसं वाटलं. सागरने शहाण्यासारखं घेतलं होतं. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला. 'उद्या संध्याकाळी पोचतो. माझ्यासाठी थांबवून ठेवू नका, उन्हाळा आहे. बर्फाच्या भानगडीत पडू नका. आग मामांनी दिली तरी चालेल.'

ललितने मेसेज पुन्हा वाचला आणि तिथेच पायरीवर बसला.

आपल्याकडे गेलेल्या माणसाला फोनवर कोणी 'गेला' म्हणत नाही. माणूस लांबून यायचा असतो, वाटेत एकटा असतो, म्हणून सांगतात, तब्येत जास्त आहे, निघ. ऐकणाराही जास्त विचारत नाही. तो निघतो, आणि जो तो समजायचं ते समजतो. ललितचे वडील गेले तेव्हा तो इंदूरला होता आणि त्याला हाच फोन आला होता. तेव्हा त्याला ही रीत ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून त्या दिवशी आठवली नाही. बसमधून उतरून त्याने बाबांसाठी मोसंबी घेतली, चांगली निवडून घेतली. गल्लीच्या तोंडाशी माणसं टॉवेल डोक्याला बांधून उकिडवी बसलेली दिसली आणि पिशवी हातातच राहिली. तो फोन सागरने केला होता.

ललितने परत फोन लावला.

"ए बावळट, जिवंत आहेत काका! काय लिहितोस तू?"

"हाव रे. मी कुठे नाही म्हणतो?" सागरचा आवाज मऊ होता. समजूत काढतात तसा.

"अरे, खरंच!"

"हो ललित. आहेत. येतोच मी."

काकूंनी फोन ओढून घेतला. "सागर, अरे, आहेत रे ते! देवाशपथ आहेत," त्या म्हणाल्या आणि बोलता बोलता रडायला लागल्या. मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. फोन परत देताना त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"हा मलाच समजावू राहिला रे. पाणी पी म्हणे. मामीला जवळ बसव म्हणे."

त्यानंतर फोन बंद. ललितने रात्री लावला, पहाटे लावला. बंद.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. गाडी संध्याकाळी पोचली असती, सागरने येऊन बघितलं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. पण मध्ये एक गोष्ट होती. पंधरा दिवसांपूर्वी बापलेकांत आखाजीवरून, म्हणजे अक्षय्य तृतीयेवरून, वाजलं होतं. काका म्हणाले, आखाजीला ये. सागर म्हणाला, सुट्टी नाही. काका म्हणाले, सणाला येत नाहीस तर मग कधीच येऊ नको. सागर म्हणाला, बरं, नाही येत. दोघंही एका मातीचे. तेव्हापासून एकमेकांशी बोलणं नव्हतं. आणि आता आयसीयूत काकूंना बघताच काकांनी पहिलं विचारलं ते हेच.

"सागऱ्याचा फोन आला?"

"आला. येऊ राहिला तो," काकू म्हणाल्या.

"माझ्यासाठी काही बोलला?"

काकू काय सांगणार? काही बोलला नव्हता. मेलेल्या माणसाला कोण निरोप धाडतो?

"एक शब्द पाठव म्हणावं रे त्याला," काकूंनी सकाळी ललितचा हात धरला. "एकच शब्द. यांना ऐकू येतंय तोवर. तुमचं ते कॉम्प्युटरचं काहीतरी कर, पण त्याला पटव."

ललित लॅपटॉप घेऊन बाकावर बसला होता खरा, पण करणार काय? त्याने नर्सबाईंना विचारून पाहिलं होतं, आत एक मिनिट फोन नेऊ द्या, मुलाला चेहरा दाखवतो. बाई म्हणाल्या, दादा, इथे प्रत्येकाला कोणाला ना कोणाला चेहरा दाखवायचाय, नियम आहे. बाई चांगल्या होत्या, त्यामुळे भांडताही येईना. त्याने उगाच टेस्टची खिडकी उघडली आणि बघतो तर सागरच्या नावापुढे हिरवा ठिपका.

फोन बंद ठेवून सागर गाडीत लॅपटॉपला डोंगल लावून टेस्ट करत होता. खालच्या चौकटीत त्याची वाक्यं येत होती.

'सरपंच आडवा झाला.'

'सरपंचचा बाप आडवा झाला.'

'सरपंचचा बाप आडवा झाला आणि सरपंच गाडीत बसला.'

ललितने घाईघाईने वरच्या चौकटीत लिहिलं, 'सागर, काका मेले नाहीत.' खाली उमटलं, 'सागर, काका आडवे झाले नाहीत.' आणि काका तर आडवेच होते, आत, नळ्या लावून. ललितला आपल्याच नियमाचा असा संताप आला की त्याने बाकावर मूठ आपटली. शेजारचे आजोबा दचकून जागे झाले.

'कामाचं बोल,' सागरने लिहिलं.

'फोन चालू कर.'

'नाही करणार. मी तुला असाच फोन केला होता, ललित. तू पण माझ्यासाठी तेच करू राहिला. मला राग नाही. पण आता बस.'

'मी खरं सांगतोय रे.'

'मी पण तुला दोनदा खरं सांगतोय म्हणालो होतो. आठवतं?'

आठवत होतं. ललितने डोक्याला हात लावला. काय लिहावं? जे लिहावं ते माणूस गेल्यावरही लिहितात. बोलताहेत लिहावं, तर तेही लिहितात. तुझी आठवण काढताहेत लिहावं, तर ते तर सगळ्यात आधी लिहितात. खरं सांगायला वेगळा शब्दच उरला नव्हता. सगळे शब्द आधीच खोट्यासाठी वापरून झाले होते.

शेवटी त्याने लिहिलं, 'तुला कसं पटेल, तूच सांग.'

हिरवा ठिपका गेला. गाडी कुठल्या तरी रानातून जात असणार. बऱ्याच वेळाने परत आला.

'बाबांना विचार, मी पहिल्यांदा बंगळूरला निघालो तेव्हा स्टेशनवर ते मला काय म्हणाले. तिथे आम्ही दोघंच होतो.'

ललित उठून उभा राहिला. असंच काहीतरी पाहिजे होतं. आत एका वेळी एकच माणूस सोडत, सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला. अकरा वाजतच आले होते आणि काकू पदर सावरून दारापाशी उभ्याही राहिल्या होत्या. ललितने त्यांना सगळं सांगितलं.

काकूंनी दाराकडे पाहिलं, मग ललितकडे.

"मी विचारलं तर ते नीट सांगणार नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्यावर खेकसतील नुसते. जा तू. मी पाचला जाईन."

काका उशीला टेकून होते. तोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ललितला पाहून त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला.

"तू? काकू कुठं आहे?"

"बाहेर आहेत. काका, सागरने विचारलंय..." ललितने प्रश्न सांगितला.

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "स्टेशनवर? काय बोलणार मी स्टेशनवर? काही नाही बोललो. गाडी लेट होती."

"आठवा ना काका. काहीतरी म्हणाला असाल."

"नाही म्हटलं ना! आणि हे काय आत्ता विचारायचं आहे?" त्यांनी दम घेतला. "काय चाललंय त्याचं?"

ललितला खोटं सुचलं नाही. "त्याला वाटतंय, तुम्ही... आम्ही त्याच्यापासून लपवतोय असं वाटतंय त्याला."

काकांना हसू आलं, हसण्याने खोकला आला. नर्सबाई धावत आल्या, त्यांना काकांनी हातानेच थांबवलं.

"मी मेलो असं वाटतं त्याला? गधडा आहे. म्हणावं, मेलो नाही अजून. मेलो असतो तर तुझ्या आईनं सकाळी कॅन्टीनमधले दोन समोसे खाल्ले असते का?" परत दम. "मरायला फुरसत कुठं आहे? दापोऱ्याच्या पाटलाची मोटार खोलून पडली आहे दुकानात. केळी वाळून जाईल त्याची. मरायचं असेल तेव्हा मीच फोन करेन म्हणावं."

नर्सबाईंनी मास्क वर सरकवला आणि ललितला बाहेर काढलं.

बाकावर येऊन त्याने लॅपटॉप उघडला. सागर होता.

'काका म्हणतात, काही बोललो नाही, गाडी लेट होती.'

'चूक,' सागरने लिहिलं. 'ते म्हणाले होते, उपाशी झोपू नको. मला माहीत होतं.'

'अरे, ते विसरले असतील!'

'बस ना, ललित.'

ललितने लगेच पुढचं लिहिलं. 'ते म्हणाले, काळजी करू नको. मी ठीक आहे. सुखरूप ये.' लिहून पाठवलंही. पाठवल्यावर त्याचं त्यालाच कळलं, की हे काकांचं नव्हतंच. काकांचं जे होतं ते त्याने तोंडातून बाहेर येऊ दिलं नव्हतं. आयसीयूत पडलेल्या माणसाच्या नावावर 'मेलो' आणि 'मरायचं असेल तेव्हा' असं कोण लिहितं? त्याचा हात आपोआप चांगलं लिहून गेला होता.



ललितने इकडेतिकडे पाहिलं, जणू आई मागून वाचत असेल. मग त्याने वरच्या चौकटीत जसंच्या तसं टाकलं. गधडा, समोसे, पाटलाची मोटार, सगळं. खाली मॉडने आपलं काम केलं, 'आडवा झालो नाही अजून. आडवा व्हायला फुरसत कुठं आहे?'

'हे काय आहे?' सागरने लिहिलं. 'वर काय लिहिलंस? मूळ काय आहे?'

'थांब.'

ललितने खिडकीच्या आतला प्रोग्राम उघडला. ज्या ओळीवरून आठवडाभर भांडण झालं होतं, ती वरची चौकट दुसऱ्यापासून झाकणारी ओळ, त्याने काढून टाकली. एकदा चुकलं, खिडकी बंद पडली, त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली आणि परत चालू केली. मग काकांचं बोलणं पुन्हा पाठवलं. या वेळी वरचंही गेलं.

हिरवा ठिपका तसाच राहिला. काकू येऊन शेजारी बसल्या होत्या. त्यांना वाचता येत होतं, पण त्या पडद्याकडे न बघता ललितच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

'समोसे खाल्ले का आईने?' सागरने लिहिलं.

"काकू, सकाळी समोसे खाल्ले का तुम्ही?"

"अरे, कालपासून पोटात काही नव्हतं..." काकू ओशाळल्या. "त्यांना कोणी सांगितलं? नर्सबाईनं?"

'खाल्ले. दोन.'

मग बराच वेळ नुसतंच काहीतरी लिहिलं आणि खोडलं जात होतं.

'हे तू नसतं लिहिलं,' सागरचं आलं. 'कोणीच नसतं लिहिलं. बाबाच आहेत.' आणि त्याच्यापाठोपाठ, 'ललित, बाबा आहेत रे. आहेत.' तो ललितलाच सांगत होता, जसं काही ललितला ठाऊक नव्हतं. 'मी काल रात्रभर या बर्थवर काय काय केलं तुला सांगता येणार नाही. समोरच्या बाईंनी मला थर्मासमधला चहा दिला.'

'काकांना काही निरोप दे. तुझीच वाट बघताहेत.'

'सांग, आखाजीचं मी उगाच बोललो. राहतो म्हणावं. सुट्टी गेली खड्ड्यात. आखाजी करूनच परत जाईन, पंधरा दिवस तिथेच आहे म्हणावं. आणि त्या पाटलाची मोटार मी बांधून देतो.'

ललितने वाचून दाखवलं. काकू कालपासून पहिल्यांदा हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, मग डोळे पुसले.

"हा मोटार बांधणार! बारावीत एकदा बांधली होती, सगळ्या गल्लीचे दिवे गेले."

"नर्सबाईंकडून आत निरोप पाठवू का? आत्ता लगेच कळेल त्यांना," ललित म्हणाला.

काकूंनी विचार केला. मग मान हलवली.

"नको. मी सांगते पाचला. मला त्यांचं तोंड बघायचं आहे ऐकताना."

दुपार कशी गेली कळलं नाही. काकूंनी ललितला घरी पाठवून एका जोडीच्या चपला मागवल्या. ललितच्या आईने डबा दिला, त्यातली भाकरी काकूंनी नीट खाल्ली. निरोपाचं वाक्य त्या मधूनमधून ललितकडून परत ऐकत होत्या, म्हणजे आत गेल्यावर काही राहायला नको. "आधी आखाजीचं सांगते, मोटारीचं मागून," त्या म्हणाल्या. सागरचा ठिपका येत-जात होता. मनमाडला त्याने जेवल्याचं कळवलं, मग त्याच्या लॅपटॉपचीही बॅटरी संपली.

पाच वाजायला अजून अवकाश असताना आयसीयूचं दार उघडलं आणि नर्सबाईंनी काकूंना हाक मारली. वेळ झालेली नसताना हाक मारली, तेव्हाच ललितला कळायला हवं होतं. पण काकू हौसेने उठल्या, पदर सावरला, आणि जाता जाता त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "लवकर सोडलं वाटतं."

दार बंद झालं. आतून कोणाचाही आवाज आला नाही.

काकू बाहेर आल्या तेव्हा डॉक्टर त्यांच्या सोबत होते आणि काहीतरी सांगत होते, अचानक झालं, दहा मिनिटंही नाही, आम्ही सगळं केलं. काकू हो हो म्हणत होत्या. बाकावर येऊन त्या बसल्या. रडल्या नाहीत. मामांना फोन करा, असं कोणाला तरी म्हणाल्या.

"सांगायचं राहिलं रे," त्या ललितला म्हणाल्या.

दुपारीच नर्सबाईंना सांगितलं असतं तर, हे ललितच्या डोक्यात नुसतं गरगरत होतं, आणि काकूंच्याही डोक्यात तेच असणार हे त्याला दिसत होतं. त्यांच्या हातावर हात ठेवावा असं त्याला वाटलं. पण तेवढंही त्याच्याने झालं नाही.

फोन वाजला. सागर. फोन चालू केला होता त्याने.

ललितने काकूंकडे पाहिलं. काकूंनी जोरात मान हलवली.

"नको. गाडीत एकटा आहे पोरगा."

"हॅलो," ललित म्हणाला.

"भुसावळ आलं, भो!" पलीकडे प्लॅटफॉर्मचा गोंधळ होता, चहावाले ओरडत होते. सागर धावत असावा, त्याला धाप लागली होती. "इथे एका दुकानात फोन चार्ज केला. ऐक, पाच वाजून गेले ना? सांगितलं का आईने? आखाजीचं?"

ललितने तोंड उघडलं. तब्येत जास्त आहे म्हणावं? तेवढंच म्हणायची रीत होती. पण ते शब्द आता सागरशी चालणार नव्हते. चालले तर फार वाईट चालले असते.

"ललित? आवाज येतोय का? सांगितलं का?"

"हो... म्हणजे, सागर..."

"काय म्हणाले बाबा?"

काकूंना पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. त्यांनी हात पुढे केला आणि ललितच्या कानाचा फोन काढून घेतला.

"सागर, मी बोलते आहे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता. घरात भाजीवाल्याशी बोलतात तसा. "सांगितलं रे. सगळं सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

काकूंनी आयसीयूच्या बंद दाराकडे पाहिलं. जरा वेळ बघत राहिल्या, कोणी आतून बोलत असावं आणि नीट ऐकू येत नसावं तशा.

"काय म्हणणार? म्हणाले, साहेबाला यंदा सुट्टी मिळाली का? आणि मोटारीला हात लावू नको म्हणाले. मागच्या खेपेला गल्लीचे दिवे घालवले, आता पाटलाची केळी घालवशील, म्हणे."

फोनमधून सागरचं हसणं बाकापर्यंत आलं. तो मोठ्याने, मोकळा हसत होता, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटत होता.

"रागावले नाहीत ना, आई?"

"नाही रे. हसले."

"खरंच हसले?"

"हाव. मी बघितलं ना."

गाडीची शिटी झाली. सागर काहीतरी म्हणाला, पळत पळत, ते नीट कळलं नाही. मग चाकांचा खडखडाट आणि वारा.

"सुटली गाडी! सांग त्यांना, भुसावळ सोडलं. आता काय, आलोच."

"सांगते," काकू म्हणाल्या. "दारात उभा राहू नको. आत जाऊन बस."